मुलांना खेळ कसा मांडून द्यावा

मुलाच्या हातात खेळायला काही देण्याआधी त्या वस्तूला एक प्रश्न विचारून बघा: हिचं आणखी काय काय होऊ शकतं? मीटरभर कापडाची नदी होते, तंबू होतो, झोळी होते, पंख होतात, आजारी बाहुलीची चादर होते. बटणं दाबली की बोलणाऱ्या खेळण्यातल्या फोनचा बहुतेक वेळा फोनच होतो. घरात दोन्ही असायला हरकत नाही. पण मुलाने स्वतःच्या डोक्याने काही सुचवावं, मोडावं, पुन्हा करावं असं वाटत असेल, तर पहिल्या जातीच्या वस्तू जास्त हव्यात. खेळाचा शेवट काय होणार हे वस्तूने आधीच ठरवून ठेवलेलं नसावं, आणि जवळ बसलेल्या मोठ्या माणसानेही. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच गोष्टीच्या तयारीसाठी आहेत.

सुटे भाग: प्रकार कमी, नग जास्त

हलवता, रचता, जोडता आणि पुन्हा सुटं करता येईल अशा कुठल्याही सामानाला मुलांच्या खेळाचा अभ्यास करणारे लोक ‘सुटे भाग’ म्हणतात. १९७१ मध्ये ब्रिटिश कलाकार सायमन निकोल्सन यांनी ही कल्पना मांडली. एखाद्या जागेत बदलता येण्याजोग्या गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या प्रकारच्या, तितकं तिथे काही नवं सुचण्याची आणि सापडण्याची शक्यता जास्त, असं त्यांचं म्हणणं. बाटल्यांची झाकणं, लाकडी चकत्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, कपड्यांचे चिमटे, गुळगुळीत गोटे, शिंपले, वाळलेल्या मोठ्या बिया, दोऱ्याची रिकामी रिळं, कापडाचे तुकडे, पडद्याच्या कड्या असं बरंचसं सामान घरातच निघतं.

चूक होते ती सगळं एकदम समोर ओतण्यात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. हे निकोल्सन यांच्या विरुद्ध जातंय असं वाटेल, पण व्यवहारात दोन्हींचा मेळ घालता येतो. एका वेळी तीन-चारच प्रकार काढायचे, पण प्रत्येकाचे नग भरपूर, वीस-तीस तरी. पाच झाकणांत एक ओळ होते आणि खेळ संपतो. तीस झाकणांत रस्ता होतो, त्याला फाटा फुटतो, रंगाप्रमाणे वाटणी होते, त्यावरून भांडण होतं आणि भांडणातून नियम निघतो.

सामान खोलगट डब्यात न ठेवता उथळ ट्रेमध्ये किंवा झाकण नसलेल्या खोक्यात, मुलाच्या कमरेच्या उंचीवर ठेवा. खोल डब्यात मूल तळ शोधण्यासाठी सगळं उलटं करतं आणि मग त्या ढिगाकडे बघून निघून जातं. दहा-बारा दिवसांनी एक प्रकार उचलायचा आणि दुसरा ठेवायचा. ज्यात मूल अजून गुंतलेलं आहे तो प्रकार मात्र हलवू नये, मग तो महिनाभर तिथे राहिला तरी चालेल.

सुरक्षेची बाब इथेच सांगितलेली बरी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी साधारण ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने करतात. वस्तू त्यात पूर्ण मावली तर ती गिळली जाण्याचा धोका धरतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी वापरा. ती साधारण चार सेंटिमीटरची असते, म्हणजे चाचणी थोडी अधिक कडक होते, आणि तेच बरं. नळीतून आरपार जाणारी कुठलीही गोष्ट तीन वर्षांखालच्या किंवा अजून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला द्यायची नाही. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, छोटी शक्तिशाली चुंबकं आणि पाण्यात फुगणारे जेलचे मणी मात्र कुठल्याच वयाच्या मुलाच्या सुट्या सामानात नकोत. या तिन्ही वस्तू पोटात गेल्या तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा करतात.

वेळ

सामानापेक्षा वेळ महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत आधी कापला जातो. खेळाची पहिली दहा-पंधरा मिनिटं चाचपण्यात जातात. मूल वस्तू उचलतं, ठेवतं, दुसरीकडे वळतं, परत येतं. बघणाऱ्याला वाटतं की लक्षच लागत नाही. खरा डाव त्यानंतर जमतो. म्हणून तुकड्या-तुकड्यांत मिळालेल्या पंधरा-पंधरा मिनिटांपेक्षा सलग पाऊण तास ते एक तास द्यावा, रोज जमलं नाही तरी आठवड्यातून चार दिवस. थांबायची वेळ आली की आधी सांगायचं, आणि घड्याळातली मिनिटं न सांगता खेळाच्या भाषेत सांगायचं: “अजून दोन गाड्या पुलावरून जाऊ देत, मग आपण उठू.”

त्या वेळेत टीव्ही बंद हवा, कुणी बघत नसलं तरीही. २००८ मधल्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांसमोर मोठ्यांचा कार्यक्रम चालू ठेवला होता. मुलं पडद्याकडे फारसं बघत नव्हती, तरी त्यांचे खेळाचे डाव लहान झाले.

“कंटाळा आला” हे वाक्य ऐकलं की पर्यायांची यादी वाचून दाखवण्याचा मोह होतो. तो आवरा. “हो का? बस जरा माझ्याजवळ” एवढं म्हणून आपलं काम चालू ठेवलं, की दहा मिनिटांच्या आत बहुतेक मुलं काहीतरी हातात घेतात. नाहीच घेतलं तर सूचना न देता एखादी वस्तू नजरेच्या टप्प्यात ठेवायची: एक मोठं खोकं, एक ओला स्पंज, टॉर्च.

ठोकळे

एकच गोष्ट विकत घ्यायची किंवा करून घ्यायची असेल तर साधे, रंग न दिलेले लाकडी ठोकळे घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी जे मापाचे ठोकळे रूढ केले, त्यांचं प्रमाण लांबी, रुंदी आणि जाडीला ४:२:१ असं आहे. साधारण १४ × ७ × ३.५ सेंटिमीटर. दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. या प्रमाणामुळे रचना जमते आणि न शिकवता अपूर्णांक हातात बसतात.

एका मुलाला साठ ते ऐंशी, दोघं-तिघं एकत्र खेळणार असतील तर दीडशेच्या आसपास नग लागतात. त्यातले निम्मे पूर्ण ठोकळे, पाव हिस्सा दुप्पट लांबीचे आणि बाकीच्यात अर्धे, खांब, त्रिकोणी उतार आणि चार-सहा चौपट लांब फळ्या. कमानी, गोल घुमट, किल्ल्याचे कंगोरे असले नक्षीदार तुकडे कमी ठेवा. ते आधीच काहीतरी बनून आलेले असतात.

सुताराकडून करून घेताना एक चूक हमखास होते. १४ सेंटिमीटरचा ठोकळा मधोमध कापला की अर्धे तुकडे ७ सेंटिमीटरचे होत नाहीत, कारण करवतीच्या पात्याची जाडी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर लाकूड, भुशात जातं. असे दहा अर्धे एकावर एक उभे केले की शेजारच्या पाच पूर्ण ठोकळ्यांपेक्षा मनोरा सेंटिमीटरभर बुटका राहतो आणि वरची फळी कलते. मूल स्वतःलाच दोष देतं. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा मोजून कापायला सांगा. नंतर आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून कडा किंचित बोथट करायच्या. वॉर्निश नको, गुळगुळीत पृष्ठभागावर ठोकळे घसरतात.

जागा सपाट आणि टणक हवी. जाड गालिच्यावर किंवा फोमच्या चटईवर सहाव्या-सातव्या थराला मनोरा पडतोच. दाराच्या वाटेपासून दूर, भिंतीलगत दीड मीटर लांब-रुंद कोपरा पुरतो.

मुलं ठोकळ्यांशी ज्या क्रमाने खेळतात तो बराचसा ठरलेला असतो, आणि तो माहीत असला की घाई होत नाही. अमेरिकी शिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये त्याचे टप्पे नोंदवले. आधी नुसती ने-आण, मग ओळी आणि मनोरे, मग पूल, मग चारही बाजूंनी बंद कुंपण, मग नक्षी आणि दोन्हीकडे सारखेपणा, त्यानंतर रचनेला नाव देणं आणि शेवटी खरी पाहिलेली इमारत, बंदर, स्टेशन उभं करणं. पाच वर्षांच्या मुलाने ठोकळे पहिल्यांदाच पाहिले असतील तर तेही भराभर पहिल्या टप्प्यांतूनच पुढे जातं.

पुलाचा टप्पा जवळून बघण्यासारखा असतो. मूल दोन ठोकळे उभे करतं आणि त्यांवर तिसरा आडवा ठेवायला जातं. खांबांमध्ये अंतर आहे सोळा सेंटिमीटर, ठोकळा चौदाचा. तो मधून खाली पडतो. मूल तोच ठोकळा पुन्हा ठेवतं, या वेळी जास्त हळू. पुन्हा पडतो. मग ते ठोकळा फिरवून बघतं, दुसऱ्या बाजूने बघतं, जोरात दाबून बघतं. कधी एका हाताने एक टोक धरून ठेवतं आणि दुसरं टोक टेकल्याचा आनंद मानतं. या सगळ्याला पाच मिनिटंही लागतात आणि पाच दिवसही. नेमक्या याच क्षणी मोठ्या माणसाचा हात पुढे येतो आणि एक खांब चार सेंटिमीटर आत सरकतो. पूल होतो, पण मुलाच्या हाती पूल येतो आणि शोध निसटतो. हात मागे ठेवा. मूल चिडायला लागलं तर काही न बोलता एक दुप्पट लांबीचा ठोकळा त्याच्या जवळपास ठेवून द्यायचा. ते तो उचलेल किंवा स्वतःच खांब जवळ आणेल, कोणती वाट धरायची ते त्याचं त्याला ठरवू द्या.

पडझडीवरून रडारड झाली तर “पुन्हा बांधू या” हे लगेच म्हणू नका. आधी “किती उंच झाला होता!” असं म्हटलेलं मुलाला जास्त पटतं. घरात रांगणारं भावंड असेल तर त्याला मनोरे पाडायला खोक्यांचा वेगळा ढीग द्या आणि मोठ्याला टेबलावरची किंवा एखाद्या फळीवरची जागा. धाकट्याला समजावण्यात शहाणपण नाही, पाडणं हाच त्याच्या वयाचा खेळ आहे.

तीन-चार आठवड्यांनी ठोकळ्यांत थोडी भर घालायची: माणसं आणि प्राण्यांच्या छोट्या प्रतिकृती, कागदाच्या पट्ट्या आणि एक पेन. मूल पाट्या लिहू लागतं, लिहिता येत नसेल तर रेघोट्या ओढून वाचून दाखवतं.

पुठ्ठा आणि जोडकाम

चार वर्षांपासून पुढे पुठ्ठ्याचं काम रंगतं. नालीदार पुठ्ठा मुलांच्या कात्रीने कापला जात नाही, तेव्हा तो मोठ्यांनी कटरने कापून द्यायचा आणि बारीक पुठ्ठा मुलाच्या कात्रीसाठी ठेवायचा. वाकवायचा असेल तर नाल्यांच्या दिशेने सहज वाकतो, आडवा वाकवला की चुरगळतो. हे सांगण्यापेक्षा दोन तुकडे देऊन वाकवून बघायला सांगा.

जोडण्याच्या तीन पद्धती पुरतात. हाताने फाटणारी कागदी चिकटपट्टी ही पहिली. पारदर्शक चिकटपट्टी लहान बोटांना गुंडाळली जाते आणि अर्धा वेळ टोक शोधण्यात जातो. दुसरी खाच: पुठ्ठा तीन मिलिमीटर जाड तर खाचही तीनच मिलिमीटर रुंद आणि तुकड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत खोल, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत अडकून उभे राहतात. खाच रुंद झाली की सगळं डुगडुगतं. तिसरा पांढरा गोंद, पण पातळ थर देऊन कपड्यांच्या चिमट्याने पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवायचा. मुलं गोंद ओततात, पुठ्ठा ओला होतो, तुकडा घसरतो आणि काम सोडून दिलं जातं. गोंद बाटलीतून न देता झाकणात चमचाभर काढून ब्रशने लावायला द्या.

गाडी करताना चाक फिरत नाही ही तक्रार ठरलेली. चाक काडीला चिकटवलेलं असतं आणि काडी खोक्याला. दोन्ही घट्ट केल्यावर फिरणार काय? खोक्याला जाड स्ट्रॉचा तुकडा चिकटवायचा, त्यातून काडी मोकळी आरपार घालायची आणि चाकं काडीला पक्की करायची. पण आधी मुलाला न फिरणारी गाडी ढकलू द्या. कुठे अडतंय ते बोट लावून दाखव म्हटलं की सहा वर्षांचं मूल बहुतेक वेळा बरोबर जागा दाखवतं.

मळण्या-ओतण्याचे खेळ

घरी केलेला रंगीत गोळा असा करतात: दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि दोन कप पाणी. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करायचं, जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर चार ते सहा मिनिटं सतत ढवळायचं. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागलं की उतरवायचं, कोमट झाल्यावर तीन-चार मिनिटं मळायचं आणि त्या वेळी रंग घालायचा. हाताला चिकटत असेल तर शिजायला कमी पडलं आहे, आणखी मिनिटभर आचेवर ठेवा. उगाच मैदा वाढवत गेलात तर दुसऱ्या दिवशी गोळा भुसभुशीत होतो. भुसभुशीत झालाच तर हात पाण्यात बुडवून मळायचा. दमट हवेत मीठ ओलावा ओढतं आणि गोळा पाझरू लागतो, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवा. वास बदलला किंवा बुरशी दिसली की फेकून द्यायचा. मिठाचं प्रमाण भरपूर असल्याने तो खाऊ देऊ नका, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

पहिली पंधरा मिनिटं फक्त हात. साचे दिले की मूल तारे आणि हृदयं कापत बसतं आणि गोळ्याचं काही करायचं राहून जातं. साच्यांऐवजी जुना कंगवा, बाटलीचं झाकण, काड्या, दोरीचा तुकडा द्या.

वाळूचे बुरूज ढासळतात ते बहुतेक पाणी चुकल्यामुळे. आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी हे सुरुवातीला चांगलं प्रमाण. ओलावा वाळूच्या कणांना धरून ठेवतो. फार पाणी झालं की कण सुटे होऊन वाहू लागतात. मुलाला आठ वाट्या वाळू आणि वेगवेगळं पाणी घालून तीन बुरूज करून बघायला सांगा. पाण्याशी खेळताना मात्र मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. खेळ संपला की टब लगेच रिकामा करा.

रंग

सगळे रंग एकदम दिले की दहा मिनिटांत कागदावर तपकिरी चिखल होतो. मुलाने शोधही लावलेला नसतो आणि चित्रही झालेलं नसतं. दोन रंग आणि पांढरा एवढंच द्या. पिवळा आणि निळा दिवस असेल तर आधी पिवळा भरपूर काढून त्यात निळ्याचा थेंब-थेंब घालू द्या, हिरव्याच्या आठ-दहा छटा मिळतात. उलट क्रमाने केलं तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो. साधा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद ओल्या रंगाने लगेच सुरकुततो आणि फाटतो, त्यासाठी १५० जीएसएमच्या पुढचा घ्यावा. ब्रश दोन सेंटिमीटर रुंद, आखूड जाड दांड्याचा. कागद जमिनीवर किंवा भिंतीवर लावला की खांद्यापासून हात फिरतो, टेबलावर फक्त मनगट.

“मला हत्ती काढून दे” ही विनंती रोजची. एकदा काढून दिला की मुलाचा स्वतःचा हत्ती त्याला वाईट दिसू लागतो. त्याऐवजी विचारायचं: “त्याचं सगळ्यात मोठं काय असतं? कान कुठे लागतात? सोंड जमिनीपर्यंत पोचते का?” जवळ फोटो असेल तर दोघं मिळून बघा. जो हत्ती उतरेल तो त्याचा.

नाटक-नाटक

खोट्या-खोट्या खेळाची सुरुवात साधारण दीड वर्षाच्या सुमारास होते, रिकाम्या कपातून पाणी पिऊन. तीन ते सहा वर्षांत तो भरात येतो. त्यासाठी पोशाखांच्या तयार संचापेक्षा एक खोकं भरा: वेगवेगळ्या आकाराची तीन-चार कापडं, चिमटे, एक पिशवी, बॅटरी काढलेला जुना कीबोर्ड, वही, पेन्सिल, चाव्यांचा जुडगा, टोपी. तंबू करताना चादर खुर्च्यांना चिमट्यांनी लावायची. वर पुस्तकांचं वजन ठेवलं की ते डोक्यावर येतं. दोरी, ओढणी, लांब पट्टा गळ्यात अडकवायचा नाही, हा नियम मोडू द्यायचा नाही.

मोठ्यांनी बोलावल्याशिवाय शिरू नये आणि शिरल्यावर धाकटी भूमिका घ्यावी: रोगी, प्रवासी, गिऱ्हाईक. मूल म्हणालं “ही बस आहे” तर तिकीट मागायचं. “बसला चाकं किती असतात?” हा प्रश्न त्या क्षणी परीक्षेचा होतो आणि बस तिथेच थांबते. डाव एकाच वर्तुळात फिरू लागला तर भूमिकेत राहूनच एक अडचण आणायची: “डॉक्टर, माझा हत्ती दारातून आत मावत नाहीये.” पुढचं मुलांवर सोडायचं.

राक्षस, मरण, चोर, लढाई हे विषय येतात आणि येऊ द्यावेत. भीतीला हात लावून बघायची मुलांची ती एक रीत आहे. कुणाला लागतंय, कुणी खरंच घाबरलंय किंवा कुणावर जबरदस्ती होतेय असं दिसलं तरच थांबवायचं.

मुलं एकमेकांशेजारी बसून वेगवेगळं खेळत असतील तर त्यांना ओढून एकत्र आणू नका. अमेरिकी संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये एकट्याचा, शेजारी-शेजारीचा, मिसळून आणि मिळून असे खेळाचे प्रकार नोंदवले. नुसतं उभं राहून बघणंही त्यांत आहे. बघणारं मूल खेळातच असतं.

नाटकाला जोडून गोष्ट लिहून घेता येते. मूल सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता लिहायचं, अर्ध्या पानात आटपायचं आणि मग ती गोष्ट सगळ्यांनी मिळून करून दाखवायची. एखादा शब्द बदलला तर मुलाच्या लगेच लक्षात येतं.

सावल्यांचं नाटक करायचं तर पांढरी चादर ताणून बांधा आणि मागे दोन मीटरवर एकच दिवा असलेला टॉर्च ठेवा. अनेक छोट्या दिव्यांचा टॉर्च दुहेरी, पुसट सावली देतो. पुठ्ठ्याची बाहुली चादरीजवळ असली की सावली रेखीव, दिव्याकडे नेली की मोठी आणि धूसर. राक्षस मोठा कसा करायचा हे मुलांना यातूनच कळतं. मेणबत्ती वापरू नका.

आवाज

एकसारख्या पाच काचेच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरा. लाकडी चमच्याने हलकेच वाजवल्या तर जास्त पाण्याची बाटली खालचा सूर देते. त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकलं तर जास्त पाण्याची वरचा सूर देते, कारण वाजवताना काच आणि पाणी थरथरतं आणि फुंकताना वरची हवा. हे कारण सात-आठ वर्षांच्या मुलाला आधी सांगू नये, क्रम उलटा झालेला त्याला स्वतः ऐकू द्यावा. लहानांना रिकामं खोकं आणि त्यावर ताणलेले जाड-बारीक रबरबँड पुरतात.

बाहेर

१९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एमड्रप इथे मुलांसाठी टाकाऊ सामानाचं मैदान सुरू झालं. लँडस्केप रचनाकार सी. टी. सोरेन्सन यांची ती कल्पना. तिथे घसरगुंडी-झोपाळ्यांच्या जागी फळ्या, विटा, दोर आणि अवजारं होती आणि मुलं आपली घरं आपणच बांधायची. अंगणात याची छोटी आवृत्ती करता येते: सव्वा ते दीड मीटरच्या चार फळ्या, चार-सहा क्रेट, दोन टायर, एक मोठं जाड कापड, बादल्या. आधी फळ्यांवरून हात फिरवून खिळे आणि लाकडाची कुसळं बघायची, टायरमधून तार बाहेर आली असेल तर तो बाद. क्रेट किती उंच रचायचे याची मर्यादा मुलांच्या छातीपर्यंत ठेवा.

नियमांचे खेळ, मोठ्या मुलांसाठी

सहा-सात वर्षांनंतर मुलांना नियम फार प्रिय होतात, तेव्हा नियमच खेळायला द्यावेत. ओळखीच्या पटावरच्या खेळाचा एकच नियम बदलायचा, पूर्ण डाव खेळायचा आणि मग ठेवायचा की नाही ते ठरवायचं. दोन नियम एकदम बदलले की बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. स्वतःचा पट काढायचा तर तीस घरं ठेवा. फाशाच्या एका फेकीला सरासरी साडेतीन घरं पडतात, म्हणजे साधारण नऊ फेकींत डाव संपतो. मुलं “मागे जा”ची घरं इतकी घालतात की डाव संपतच नाही. संपवू नका, खेळू द्या. दुसऱ्या दिवशी ती घरं मुलंच खोडतात.

काय बोलायचं

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं किंवा मिळालंच नाही, त्यांच्यात ही घट दिसली नाही. म्हणून खेळाला तारे, गुण, स्पर्धा लावू नका.

‘वा, छान!’ने काही बिघडत नाही, पण दर दोन मिनिटांनी म्हटलं की मूल कागदापेक्षा तुमच्या चेहऱ्याकडे जास्त बघू लागतं. दिसतंय ते बोला: “इथे तू ब्रश गोल फिरवलास. हा निळा कडेपर्यंत गेलाय.” “हे काय आहे?” असं विचारू नका, कारण बऱ्याचदा ते अजून काहीच नसतं आणि मूल घाईघाईने नाव देऊन टाकतं. “मला सांग ना याबद्दल” म्हटलं की सांगायचं की नाही ते त्याच्या हातात राहतं. आणि ते काही बोललंच नाही तर गप्प बसून सोबत करा.

आवराआवर

ट्रेवर आतल्या सामानाचं चित्र चिकटवलं की तीन वर्षांचं मूलही जागच्या जागी ठेवतं. सगळं आवर म्हणण्यापेक्षा “तू लांब ठोकळे, मी अर्धे” असं वाटून घ्या. अर्धवट राहिलेली रचना रोज मोडायला लावू नका. खेळ मोठ्या फळीवर किंवा पुठ्ठ्यावर मांडला असेल तर तो तसाच उचलून पलंगाखाली सरकवता येतो. जागा खरंच नसेल तर मोडण्याआधी दोन बाजूंनी आणि एक वरून असे तीन फोटो काढा. वरचा फोटो विसरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायला घेताना मुलं तोच मागतात.